जुन्या लॅपटॉपमध्ये आधी मेमरी वाढवा, प्रोसेसर नंतर

२०११ च्या थिंकपॅड टी४२० सारख्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डवर सोल्डर केलेला नसून सॉकेटमध्ये (काढता-घालता येणाऱ्या खाचेत) बसवलेला असल्यामुळे तो बदलता येतो. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून पुढच्या बहुतेक लॅपटॉपांत ही सोय राहिलेली नाही. तरीही पहिला खर्च मेमरीवरच (म्हणजे रॅमवरच) करावा. ४ जीबीच्या जागी ८ जीबीच्या दोन डीडीआर३ प्रकारच्या पट्ट्या, म्हणजे एकूण १६ जीबी, बसवल्यास मेमरी आणि प्रोसेसरमधले दोन्ही चॅनेल (माहितीचे मार्ग) वापरात येतात आणि फरक लगेच जाणवतो. मात्र विंडोज ३२ बिटचे असेल तर ४ जीबीच्या पुढची मेमरी वाया जाते.

प्रोसेसर निवडताना केवळ सॉकेटमध्ये बसतो एवढ्यावर विसंबू नये. तिसऱ्या पिढीचे काही प्रोसेसर याच सॉकेटमध्ये बसतात, पण टी४२० चा मूळ बायोस (लॅपटॉप सुरू करणारी अंगभूत प्रणाली) त्यांना ओळखत नाही. अनेक टी४२० मधला मूळ प्रोसेसर आय५-२५२०एम ३५ वॅटचा आहे (वॅट जितके जास्त, तितकी उष्णता जास्त); तेवढ्याच वॅटचा आय७-२६४०एम घेतला तर पंख्यावर जादा भार पडत नाही, परंतु दोन्ही दोन कोअरचेच (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) असल्याने वेगही बेताचाच वाढतो. आय७-२७२०क्यूएम चार कोअरचा, पण ४५ वॅटचा असल्याने उष्णता वाढते, हे लक्षात ठेवावे. व्हिडिओ संपादन करणाऱ्यालाच तो खरा उपयोगी; पत्रव्यवहार आणि ब्राउझरसाठी हा खटाटोप मला अनाठायी वाटतो.

बॅटरी आणि चार्जर काढल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नये. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पातळ लावावी.