कुंभार्ली उतरून कांदळवनात: साताऱ्याच्या गटाने खाडीची पाहणी कशी करावी

सातारा जिल्ह्यात कांदळवन, म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं जंगल, नाही, पण जिल्ह्याचं पाणी कांदळवनापर्यंत जातं. पाटण-जावळीच्या डोंगरात पडलेला पाऊस कोयनेच्या शिवसागर जलाशयात साठतो. त्यातला मोठा वाटा वीजघरांतून पश्चिमेला उतरतो, कोळकेवाडी धरणातून पुढे वाशिष्ठीत पडतो आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळतो. या वळवलेल्या पाण्याला कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. एवढं गोडं पाणी येणाऱ्या खाडीत कोणती झाडं कुठवर टिकतात, हा प्रश्न सातारा-कराडच्या भूगोल आणि वनस्पतीशास्त्राच्या मुलांनी हाती घ्यावा असाच आहे. कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट असं उतरलं की चिपळूण शंभरेक किलोमीटर.

एक सवय मात्र घाटावरच सोडून यावी. कासच्या पठारावर सकाळी कधीही गेलं आणि झाडं मोजायची एक मीटरची चौकट टाकली की काम सुरू होतं. खाडीत वेळ पाणी ठरवतं, आणि कुठे पाय ठेवायचा हे गावचा माणूस ठरवतो.

आधी गाव, मग झाडं

मुलं नेण्याच्या निदान पंधरा दिवस आधी दोघा-तिघांनी जाऊन यावं. ग्रामपंचायतीला लेखी पत्र द्यावं. सरकारी जमिनीवरचं बरंचसं कांदळवन राखीव वन आहे, त्यामुळे वन विभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगीही हवी. नुसतं मोजायचं असलं तरी ती घ्यावी, आणि पानं किंवा माती आणायची असेल तर पत्रात तसं स्पष्ट लिहावं. काही गावांत कांदळवन सहव्यवस्थापन समिती असते. असेल तर सुरुवात तिथूनच करावी.

पहिल्या बैठकीत आपली प्रश्नावली बाहेर काढू नका. गावाला काय जाणून घ्यायचंय ते विचारा. खाजणाचा (खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीचा) बांध कुठे फुटतो, जुलै २०२१च्या पुरानंतर गाळ कुठे साठला, चिंबोऱ्या (खेकडे) कुठे कमी झाल्या, असे प्रश्न येतील. त्यातले निदान दोन तुमच्या अभ्यासात घ्या. मोजणीच्या जागा त्यावरून ठरल्या की माणसं सोबत येतात आणि पुढच्या वर्षीही येतात. जागा आधीच नकाशावर ठरवून आलात, तर तुम्हाला फक्त वाटाड्या मिळेल.

बैठकीला बायका हव्यातच. कालवं काढणाऱ्या आणि मुळे-तिसऱ्या (सगळे शिंपल्यांचेच प्रकार) वेचणाऱ्या बायकांना चिखलाची खोली आणि पोत होडीवाल्यापेक्षा जास्त माहीत असतो. जमिनीवर रांगोळीने खाडी काढायला सांगा. मग बारा मराठी महिन्यांची आडवी ओळ आखा आणि कोणत्या महिन्यात काय जास्त मिळतं तिथे चिंचोके ठेवायला सांगा. दहा वर्षांपूर्वीची ओळ वेगळी मांडून घेतलीत तर फरक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो आणि वादही तिथेच मिटतात. बहुतेक वेळा.

लाकूड कोण तोडतं, हे विचारू नये. कांदळवन तोडणं गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये त्यावर कडक आदेश दिले आहेत. वहीत कुणाचं नाव आलं की गावाचं तोंड बंद होतं, आणि ते योग्यच आहे. तोडीच्या खुणा दिसल्या तर बुंध्यांची संख्या आणि घेर लिहा, बाकी काही नाही.

जो दिवसभर सोबत येईल त्याला दिवसाची मजुरी द्या. त्या दिवशीची त्याची मासेमारी बुडालेली असते.

तिथी बघून तारीख

कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास आधी, म्हणजे दहाच्या आसपास. दोन्ही पक्षांत हाच हिशोब चालतो. म्हणून चतुर्थी ते षष्ठी हे दिवस सोयीचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात खाली जातं खरं, पण ते सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवशी, ओहोटी भर दुपारी येते, पण पाणी पुरेसं हटत नाही. ही वेळ खाडीच्या तोंडाची आहे. आत जाल तशी ती उशिरा येते, किती ते त्याच गावात विचारावं. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी आत शिरा आणि ओहोटीनंतर तासाभरात बाहेर या. भरतीचं पाणी समोरून येत नाही. ते बाजूच्या चरांतून मागे भरतं आणि परतीची वाट बंद करतं.

सोबत काय घ्यायचं

नायलॉनची ४५ मीटर दोरी, दर दहा मीटरला रंगीत गाठ. चार बांबू. शिंप्याची कापडी मापपट्टी, कारण लोखंडी टेप खाऱ्या पाण्यात दोन फेऱ्यांत गंजतो. पेन्सिली, पेन नको. क्षारता मोजायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर आणि छोटी बाटली ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी. पायात जाड तळाचे, नाडीचे कॅनव्हास बूट. गमबूट चिखलात अडकतो, पाय तेवढा वर येतो. अनवाणी तर मुळीच नको, मुळांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात.

वाशिष्ठीत मगरी आहेत. पाण्याच्या कडेला एकट्याने बसायचं नाही, हात-पाय धुवायला उतरायचं नाही.

चौकट आणि मोजमाप

पाण्याच्या कडेपासून जमिनीकडे काटकोनात सरळ रेषा धरा. तिच्यावर तीन चौकटी घ्या, प्रत्येकी १० बाय १० मीटर: एक पाण्याजवळ, एक मध्ये, एक मागे खाजणाला लागून. मोठी झाडं संपूर्ण चौकटीत मोजा, मीटरपेक्षा उंच रोपटी एका कोपऱ्यातल्या ५ बाय ५ मध्ये आणि त्याहून लहान रोपं १ बाय १ मध्ये. सोपी वाट असेल तिथेच चौकट टाकायचा मोह होतो. मग विरळ जंगलाचेच आकडे हाती येतात आणि अहवालात सगळं कांदळवन विरळ ठरतं.

चौकटीत एका रांगेत, एकाच वाटेने फिरा. चिखलातून वर आलेले खुंट ही श्वसनमुळं आहेत. दहा जण दहा वाटांनी फिरले तर जे मोजायला आलात तेच तुडवून जाल.

ओळख अशी पटते. तिवराच्या पानाची खालची बाजू राखाडी-पांढरट, वर बोट फिरवून चाटलं तर खारट. त्याची श्वसनमुळं पेन्सिलीएवढी बारीक. चिपीची जाड, सुळक्यासारखी, आणि फळाखाली चांदणीसारखा निदलपुंज (फुलाच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्या). पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. कांदळाला खोडातून कमानीसारखी उतरणारी आधारमुळं असतात आणि पानाच्या टोकाला सुईसारखं अणकुचीदार टोक. मारांडीच्या पानांच्या कडा काटेरी. गेव्याचं पान किंवा फांदी तोडू नये, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. चाटण्याची परीक्षा त्यामुळे सोबतच्या गावकऱ्याने तिवर दाखवल्यानंतरच करावी. झाडाचं गावातलं नाव जसं ऐकलं तसंच लिहून पान, फूल आणि मूळ यांचे फोटो घ्या. चार मैलांवर तेच नाव दुसऱ्या झाडाला असू शकतं.

घेर जमिनीपासून १.३ मीटरवर घ्या. कांदळाचा मात्र सगळ्यात वरच्या आधारमुळाच्या ३० सेंटिमीटर वर, नाहीतर मुळांचा झुबकाच मोजला जातो. तिवराला १.३ मीटरच्या खालीच फांद्या फुटलेल्या असतात. प्रत्येक खोडाचा घेर वेगळा, पण झाडाचा क्रमांक एकच. ही चूक फार होते आणि तिच्यामुळे झाडांची संख्या दुप्पट-तिप्पट दिसते.

जमिनीवरच्या भागाचं वजन काढायला प्रचलित सूत्र आहे: ०.२५१ गुणिले लाकडाची घनता गुणिले व्यासाचा २.४६ वा घात. व्यास सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोमध्ये. घेर ४७ सेंटिमीटर असेल तर ३.१४ ने भागून व्यास १५. घनता ०.६५ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) धरली तर वजन साधारण १२८ किलो, आणि त्यातला निम्म्याहून थोडा कमी कार्बन. घेरालाच व्यास समजून आकडा घातला तर उत्तर जवळपास १७ पट येतं. शिवाय कांदळवनाचा बराचसा कार्बन चिखलात असतो, तो या सूत्रात येत नाही.

क्षारता मोजण्याआधी ऊर्ध्वपातित पाण्याच्या थेंबावर यंत्र शून्याला आणा. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत ३५ भागांच्या आसपास क्षार असतात. प्रत्येक चौकटीत ३० सेंटिमीटर खड्डा करून त्यात झिरपलेलं पाणी मोजा आणि कडेच्या खाडीचं वेगळं. इथे कोयना पुन्हा येते: वीजनिर्मिती विजेच्या मागणीप्रमाणे कमी-जास्त होते, आणि तसं खाली येणारं गोडं पाणीही. म्हणून आकड्याशेजारी तारखेबरोबर तिथी, घड्याळातली वेळ, भरती की ओहोटी आणि नदी वरून वाहती होती की नव्हती, हे सगळं लिहायचं. वरचं पाणी वाढल्याची खबर नदीकाठच्यांना असते. या नोंदींशिवाय दोन दिवसांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही. पावसाळ्यात उतरू नये. दिवाळीनंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा, त्याच चौकटींत मोजलं तर गोड्या-खाऱ्याचा फरक दिसतो.

परत आल्यावर

चौकटीच्या कोपऱ्यांचे जीपीएस अंक घेताना मोबाइल दोन मिनिटं स्थिर धरा. दाट पानांच्या छताखाली जागा दहा-पंधरा मीटर चुकते, तेव्हा कोपऱ्यातल्या झाडांना क्रमांकाची सैल दोरीही बांधा. खिळा नको.

महिन्याभरात मराठीत दोन पानं आणि चौकटींचा नकाशा ग्रामपंचायतीकडे पोचवा. टपालाने नको, जाऊन वाचून दाखवा. आकडे ऐकून कुणीतरी म्हणेल की मधल्या चौकटीत गेवा नाहीच, तो मागे आहे. पुन्हा जाऊन बघा. बैठकीतली रांगोळी आणि चिंचोक्यांचे फोटो त्याच कागदांना जोडा आणि मूळ वह्या गावातल्या शाळेत ठेवा. कॉलेजातली तुकडी तीन वर्षांत बदलते, पुढची तुकडी त्या वह्या घेऊनच मे महिन्यात खाली उतरेल.