‘टेरिटरी’ म्हणजे नुसता ‘प्रदेश’ नव्हे : अनुवादातल्या या चुका टाळा

पुण्यात अनुवाद तपासायचं काम करताना ‘टेरिटरी’ हा शब्द मला सारखा भेटतो, आणि दहातल्या नऊ मसुद्यांत त्याच्या जागी डोळे मिटून ‘प्रदेश’ लिहिलेलं असतं. मूळ लॅटिन ‘टेरा’ म्हणजे भूमी. पण टेरिटरी म्हणजे कुणाच्या तरी ताब्यातली भूमी. आपल्या ‘प्रदेशा’त हा ताबा येत नाही. डोंगराळ प्रदेश कुणाचाच नसला तरी चालतो. म्हणून लिहिण्याआधी ‘कुणाची?’ हे विचारा.

जुन्नरच्या उसातल्या बिबट्यांवरचा एक मजकूर मध्यंतरी हातात आला. ‘नर आपल्या प्रदेशात दुसऱ्या नराला येऊ देत नाही.’ मी ‘प्रदेशात’ खोडून ‘हद्दीत’ केलं आणि वाक्यात जीव आला. झाडावर ओरखडे काढून, मूत्राचा फवारा मारून तो आखतो ती हद्दच. पण त्याच लेखात पुढे तो जिथे जिथे हिंडतो त्या सगळ्या परिसरालाही हद्द म्हटलं होतं, ते चुकलं. जिथे फिरतो ते वावरक्षेत्र. त्यातला जेवढा भाग तो राखतो तेवढीच हद्द.

इतिहासात ‘मुलूख’ लिहायला कचरू नका. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले आणि वर्षाला चार लाख होन उत्पन्नाचा मुलूख दिला. इथे ‘प्रदेश’ घातला की वसुलीचा, सत्तेचा सगळा वासच उडतो.

‘शत्रूने आपली सीमा बळकावली’ असंही सर्रास छापतात. सीमा ही रेघ आहे. ती ओलांडतात, बळकावतात तो भूभाग.

कायद्याच्या मजकुरात मात्र मनचं काही चालवू नये. घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात ‘भारताचे राज्यक्षेत्र’ आहे. आपण बोलताना ज्याला केंद्रशासित प्रदेश म्हणतो, ते तिथे ‘संघ राज्यक्षेत्र’. नुसतं ‘प्रदेश’ ठेवलं तर आणखी घोळ होतो, कारण हिमाचल प्रदेश, मध्य प्रदेश ही तर राज्यं आहेत.

‘प्रादेशिक’पाशीही थांबा. प्रादेशिक परिवहन कार्यालयातला ‘प्रादेशिक’ म्हणजे त्या त्या विभागापुरता. प्रादेशिक सेना, म्हणजे ‘टेरिटोरियल आर्मी’, मात्र कुठल्या विभागाची नाही. नोकरीधंदा सांभाळून सेवा देणाऱ्या नागरिकांची ती देशाची सेना, १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली. हा शब्द आता रुळलाय, तेव्हा बदलू नका, पण पहिल्या उल्लेखाला अर्धी ओळ खुलासा द्या.

आणि औषध कंपनीचा प्रतिनिधी हडपसरच्या चहाच्या टपरीवर सांगतो, ‘माझी टेरिटरी उरुळी कांचनपर्यंत’, तेव्हा त्याच्या तोंडी ‘विक्रीप्रदेश’ कोंबू नका. टेरिटरी, टेरिटरीत, टेरिटरीबाहेर : शब्द स्त्रीलिंगी होऊन मराठीत कधीच नांदायला लागलाय.