फॅमिली रूम लावायचीय? मग सोफा सगळ्यात शेवटी घ्या

बहुतेक जण सुरुवात सोफ्यापासून करतात आणि तिथेच फसतात, मीही फसलेय. मोठा एल शेपचा सोफा घेतला, दुकानात तो आटोपशीर वाटला होता (तिथे छत उंच आणि जागा मोकळी, त्यामुळे हत्ती पण लहान दिसेल), घरी आला आणि कळलं की कोपऱ्यातल्या कपाटाचं एक दार अर्धंच उघडतंय. पुढची चार वर्षं त्या कपाटातलं काहीही काढायचं म्हणजे हात तिरका घालून चाचपडत बसायचं.

म्हणून आधी आठवडाभर काहीच विकत घेऊ नका, नुसतं बघा. कोण कुठे बसतं, मुलं पसारा कुठे मांडतात, चार्जर कायम कुठल्या पॉइंटला लटकलेला असतो, आजी एकाच खुर्चीवर का बसते. मी असं बघायला लागल्यावर लक्षात आलं की त्या भल्यामोठ्या सोफ्यावर कोणी धड बसतच नाही, सगळे त्याला पाठ टेकून खाली फरशीवर! मग एल काढला, दोन सीटर ठेवला, खाली मोठा जाड गालिचा आणि टेकायला चार लोड, झालं काम.

आता मोजमाप. कागदावरच्या प्लॅनने मला तरी काही कळत नाही, त्यापेक्षा जे फर्निचर घ्यायचंय त्याच्या मापाचा चौकोन जमिनीवर चिकटपट्टीने आखा आणि दोन दिवस त्याला वळसा घालूनच चाला. जिथे सारखी ये-जा असते तिथे साधारण 3 फूट वाट मोकळी पाहिजे, अगदीच जागा नसेल तर अडीच, त्याखाली गेलात की माणसं एकमेकांना घासून जाणार. सोफा आणि टीपॉयमध्ये दीड फूट पुरतं, म्हणजे गुडघेही आपटत नाहीत आणि कप ठेवायला उठावंही लागत नाही. समोरासमोरच्या जागा 8 फुटांच्या आत ठेवा, त्यापेक्षा लांब बसलं की आवाज चढवून बोलावं लागतं. आणि हो, दार, लिफ्ट, जिन्याचं वळण हेही मोजा, खोलीत मावणारा सोफा दारातून आत येईलच असं नाही.

टीव्हीबद्दल दोनच गोष्टी सांगते. एक, तो फोटोफ्रेमसारखा वर टांगू नका. बसल्यावर आपले डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात, स्क्रीनचा मधला भाग त्याच्या आसपास आला की मान दुखत नाही. 55 इंची टीव्हीला 7 फुटांच्या आसपास अंतर छान पडतं. दुसरं, खिडकीच्या बरोबर समोर लावू नका, दुपारी स्क्रीनवर सिनेमातल्या हिरोपेक्षा खिडकीचंच प्रतिबिंब जास्त दिसेल. खिडकीच्या बाजूच्या, तिच्याशी काटकोनात असलेल्या भिंतीवर लावा.

लाइट हा मात्र खरा मुद्दा आहे आणि त्याच्याकडेच कोणी बघत नाही. छताच्या मधोमध एक झगझगीत पांढरी ट्यूब लावली की खोली वेटिंग रूम होते, कितीही महागडं फर्निचर ठेवा. एका मोठ्या लाइटपेक्षा तीन-चार छोटे, वेगवेगळ्या उंचीवर असलेले बरे. वाचणाऱ्याच्या खांद्यामागून येईल असा एक दिवा, टीव्हीच्या मागे किंवा बाजूला एक मंद (अंधारात नुसती चकाकणारी स्क्रीन बघून डोळे शिणतात), आणि एक छताला, साफसफाई करताना किंवा सोफ्याखाली गेलेलं काहीतरी शोधताना लागतो तो. बल्ब घेताना खोक्यावर 2700 ते 3000 केल्विन लिहिलंय का बघा, तो पिवळसर, संध्याकाळी बरा वाटणारा प्रकाश. डिमर (प्रकाश कमी-जास्त करायचं बटण) बसवणार असाल तर डिमेबल बल्बच घ्या, साधे एलईडी त्यावर लुकलुकतात.

घरात वयस्कर माणूस असेल तर खोल, खाली धसणारा सोफा नकोच. बसायला मस्त पण उठताना दोन माणसं लागतात. निदान एक खुर्ची अशी ठेवा की जिची बैठक साधारण 18 इंच उंच, जरा घट्ट, आणि दोन्ही बाजूंना हात आहेत. दुकानात नुसतं बसून नाही, हातांचा आधार न घेता उठून बघा, तिथेच कळतं.

खोलीत आवाज घुमतो का? फरशी, काच, मोकळ्या भिंती असल्या की घुमणारच, जाड पडदे आणि गालिचा टाकला की बराच फरक पडतो, पुस्तकांनी भरलेलं कपाट पण थोडी मदत करतं.

सोफ्याचं कापड पसंत केलं की तुकडा घरी आणा, दिवसा बघा आणि रात्री आपल्या लाइटमध्ये बघा. कव्हर चेनवालं, काढून धुता येणारं घ्या. एकदम फिका रंग डाग दाखवतो आणि एकदम गडद रंग धूळ आणि केस दाखवतो, मधला थोडा मिसळलेल्या धाग्यांचा असला की बरंच झाकलं जातं.

मुलांच्या खेळण्यांना त्यांच्या हाताला येतील अशा बुटक्या टोपल्या द्या, वरच्या फळीवर ठेवलेली खेळणी खाली येतात पण परत वर कधीच जात नाहीत. आणि उंच कपाट असेल तर ते भिंतीला स्क्रूने पक्कं करा, यात आळस नको, मुलं खण उघडून त्यावर पायरीसारखी चढतात आणि कपाट अंगावर येतं.

विजेचे पॉइंट राहिले. आमचा एक पॉइंट त्या एल सोफ्याच्या मागे गेला होता, म्हणून खोलीभर एक्स्टेंशनची वायर, आणि तिला रोज कोणीतरी अडखळायचं. आखलेल्या चौकोनांत बसून बघा हात कुठे पोचतो, पॉइंट तिथे घ्या, आणि हे सगळं रंगकामाच्या आधी, कारण नव्या रंगाची भिंत फोडायला नंतर कोणाचाच जीव होत नाही.