मॉर्मन इतिहास वाचताना: आधी अस्सल कागद, मग बखर

अमेरिकेत ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या मॉर्मन पंथाबद्दल नेटवर शोधायला बसलं की दहा मिनिटांत दोन गट समोर येतात. एकीकडे श्रद्धाळूंचं गुणगान, दुसरीकडे पंथ सोडून गेलेल्यांचा संताप. दोघंही तळमळीने बोलतात, दोघंही पुरावे पुढे करतात. नवखा वाचक मग ज्याचं बोलणं पटतं त्याच्या मागे जातो. तसं करू नका. मराठी इतिहासाचं थोडंफार वाचन असेल तर योग्य कसोटी तुमच्याकडे आधीच आहे. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांतच लिहिली गेली, चिटणिसांची शंभराहून जास्त वर्षांनी, आणि दोन्हींच्या आधी उभी आहेत त्या काळची पत्रं. हीच उतरंड इथे लावायची.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा

"मॉर्मन लोक काय मानतात?" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो कुठल्या शाखेबद्दल आणि कुठल्या काळाबद्दल आहे हेच त्यात नाही. जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात चर्च स्थापन केलं. २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला ठार केलं आणि अनुयायी फुटले. जोसेफचा सहकारी ब्रिगम यंग याच्या मागे गेलेले १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. आजचं सर्वांत मोठं चर्च ते. स्मिथच्या मुलाच्या नेतृत्वाखाली १८६० मध्ये उभं राहिलेलं चर्च आता कम्युनिटी ऑफ क्राइस्ट या नावाने ओळखलं जातं. सॉल्ट लेकच्या चर्चने बहुपत्नीत्व १८५२ मध्ये जाहीरपणे सांगितलं आणि १८९० मध्ये ते थांबवण्याचं जाहीर केलं. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद १९७८ पासून मिळू लागलं. म्हणून प्रश्नाशेजारी साल आणि शाखा लिहूनच शोधाला लागा.

दुसरी पायरी: सर्वांत जुना कागद गाठा

यासाठी 'जोसेफ स्मिथ पेपर्स' हा प्रकल्प आहे. छापील खंड २००८ पासून निघू लागले, काम २०२३ मध्ये पूर्ण झालं, आणि संकेतस्थळ फुकट वाचता येतं. मूळ पानाचं छायाचित्र, शेजारी अक्षरश: नक्कल, खाली टिपा. प्रकल्प चर्चचाच आहे, त्यामुळे टिपांमधलं मत पारखून घ्या. पण पान समोर आहे, ते स्वतः वाचा.

सरावाला जोसेफच्या 'पहिल्या दर्शना'ची हकीकत घ्या. तरुणपणी रानात प्रार्थना करताना आपल्याला देवदर्शन झालं, असं तो सांगे. त्याची स्वतःची चार कथनं आहेत: १८३२, १८३५, १८३८ आणि १८४२ ची. चर्चने धर्मग्रंथात घेतलं ते १८३८ चं. त्यात दोन दिव्य व्यक्ती दिसतात आणि मुख्य प्रश्न आहे, कोणतं चर्च खरं? आता १८३२ चं पान उघडा. काही भाग लेखनिकाच्या हातचा, काही खुद्द जोसेफच्या. तिथे तो 'प्रभू'ला पाहिल्याचं सांगतो आणि भर आहे पापांच्या क्षमेवर. वयाच्या 'सोळाव्या वर्षात' हे शब्द नीट बघा: ते दोन ओळींच्या मधे वरून घातलेले आहेत, तेही लेखनिकाच्या अक्षरात. १८३८ च्या कथनात तेच 'पंधराव्या वर्षात' होतं. ही पानं कधीतरी वहीतून कापून वेगळी केली गेली होती, आणि अभ्यासकांना त्यातला मजकूर १९६५ मध्ये वाचायला मिळाला.

यावरून घाईने 'खोटारडा' किंवा 'काहीच फरक नाही' म्हणू नका. चारही कथनं शेजारी ठेवा, प्रत्येकाखाली साल, लेखनिक आणि ते कुणासाठी सांगितलं हे लिहा. एवढं केलंत की वादातल्या निम्म्या लोकांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतं.

तिसरी पायरी: शत्रूचा कागदही वाचा

१८३४ मध्ये ई. डी. हाउ याने छापलेल्या पुस्तकात स्मिथ कुटुंबाच्या शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आहेत. ती गोळा करणारा हर्लबट हा चर्चमधून काढून टाकलेला माणूस, त्यामुळे सावध राहायलाच हवं. पण शेजारी पुरलेलं धन शोधण्याच्या ज्या उद्योगाबद्दल बोलतात, त्याच्याशी जुळणारी कबुली जोसेफच्या स्वतःच्या इतिहासात आहे: चांदीची खाण शोधायला आपण मजुरीवर खणायला गेलो होतो, असं तो सांगतो. शत्रू आणि स्वतः, दोघांचं जिथे जुळतं तिथे पाय टेकायला जागा मिळते.

चौथी पायरी: शिकवणुकीत 'कुणी म्हटलं' आणि 'काय बंधनकारक' वेगळं करा

सॉल्ट लेकच्या चर्चचे ग्रंथ चार: बायबल, बुक ऑफ मॉर्मन (जोसेफने दैवी म्हणून पुढे आणलेला ग्रंथ), डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स (साक्षात्कारांचा संग्रह) आणि पर्ल ऑफ ग्रेट प्राइस. त्यांतही पाठभेद आहेत. जोसेफचा लेखनिक ऑलिव्हर काउडरी याला उद्देशून झालेल्या एका साक्षात्कारात १८३३ च्या छपाईत 'काठीने काम करण्याचं दान' आहे (काठी म्हणजे गुप्त गोष्टी शोधायची). १८३५ मध्ये तिथे बायबलमधल्या याजकाच्या नावाचं 'अहरोनचं दान' आलं. ज्ञानेश्वरीचे किंवा गाथेचे पाठ ताडून बघणाऱ्याला हे काम नवं नाही.

प्रवचनांचं वेगळं. 'जर्नल ऑफ डिस्कोर्सेस'च्या २६ खंडांत ब्रिगम यंगची बरीच भाषणं आहेत. आदम हाच देव, असं त्याने १८५२ मध्ये सांगितलेलं तिथे सापडतं, पण पुढच्या नेतृत्वाने ती शिकवण नाकारली. म्हणून 'मॉर्मन मानतात की' असं लिहून त्याखाली यंगचं वाक्य देणं चूक, आणि त्याने तसं म्हटलंच नाही हे सांगणंही चूक. आजच्या अधिकृत भूमिकेसाठी चर्चने २०१३ पासून प्रसिद्ध केलेले विषयवार निबंध वाचा. बहुपत्नीत्व, पर्ल ऑफ ग्रेट प्राइसमधलं अब्राहमचं पुस्तक असे अडचणीचे विषय त्यांत आहेत.

यंत्राच्या भाषांतरावर विसंबू नका. 'सीलिंग' म्हणजे मोहोर लावणं नव्हे. पतिपत्नीला मृत्यूनंतरही टिकेल असं बांधणारा तो विधी आहे.

मग इतिहासकार

फॉन ब्रोडीचं जोसेफचं चरित्र (१९४५) टीकाकाराच्या नजरेतून लिहिलेलं, रिचर्ड बुशमनचं (२००५) श्रद्धाळू इतिहासकाराचं. दोन्ही वाचा, तळटीपांसह. हुआनिटा ब्रूक्स चर्चच्या सभासद होत्या. १८५७ मध्ये माउंटन मेडोज इथे मॉर्मन लोकांनी सुमारे १२० प्रवाशांची जी कत्तल केली, तिच्यावर त्यांनी १९५० मध्ये पुस्तक लिहिलं. आतला माणूस झाकतोच, हे गृहीत धरणाऱ्यांनी ते जरूर उघडावं.

'नवीन सापडलेला' कागद दिसला तर थांबा. मार्क हॉफमनने १९८० च्या दशकात बनावट पत्रं करून चर्चला, संग्राहकांना आणि तज्ज्ञांना फसवलं. उघडं पडायची वेळ आली तेव्हा १९८५ मध्ये बॉम्बने दोन जीव घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली शाईला पडलेल्या भेगांनी ती पत्रं पकडली गेली. कागद कुणाच्या हातून आला, मधली साखळी कुठे तुटते, हे म्हणूनच विचारायचं.

मराठी वाचकाला हात घालता येईल असं एक कामही इथे आहे. ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यातही गेला. भारतातून प्रचारकांनी पाठवलेली पत्रं इंग्लंडमधल्या 'मिलेनियल स्टार' या मॉर्मन नियतकालिकात छापून येत. ती झाली त्यांची बाजू. त्या वर्षांची मुंबईची वृत्तपत्रं जुन्या ग्रंथालयांत शोधून त्या पत्रांशेजारी ठेवा आणि तारखा जुळतात का, ते बघायला सुरुवात करा.