प्रत्येक जुनी काच बेल्जियमची नसते: शोभेची काच ओळखताना या चुका टाळा

वाड्यातली हंडी असो, आजीची गुलाबदाणी असो की मुंबईच्या चोरबाजारातून उचललेली फुलदाणी, तिचं मूळ आपल्याकडे एका शब्दात उरकतात: बेल्जियम. विकणारा तेच सांगतो, घेणाराही तेच ऐकायला आलेला असतो.

या समजाला थोडा आधार आहे, नाही असं नाही. लिएज शहराजवळ सेरँ इथे 1826 साली सुरू झालेला व्हाल सँ लाँबेर कारखाना क्रिस्टलसाठी नावाजलेला होता आणि बेल्जियमची सपाट काच दूरदूर जात असे. पण म्हणून छताला टांगलेली प्रत्येक वस्तू तिकडची होत नाही. संस्थानिकांच्या दरबारी झुंबरं पुरवणारं मोठं नाव होतं बर्मिंगहॅमच्या एफ. अँड सी. ऑस्लर यांचं. 1851 च्या लंडन प्रदर्शनात 27 फूट उंचीचं काचेचं कारंजं उभारणारी पेढी ती हीच. कलकत्त्यात तिचं दालन होतं. रंगीत, सोनेरी वेलबुट्टीचा माल तर बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेकियातून, भरपूर यायचा.

सातारा जिल्ह्यातल्या एका घरात वाटणी झाली तेव्हा लाल हंड्यांची जोडी थोरल्याने घेतली आणि तिच्या बदल्यात धाकट्याला सोनं दिलं. हंड्या पणजोबांनी 1875 च्या सुमारास आणलेल्या, बेल्जियमच्या, अशी घरात पक्की समजूत. विकायची वेळ आली तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. काठाला पितळी कडं होतं. फुटेल या भीतीने ते कधी कुणी काढलंच नव्हतं. मी कडं उतरवलं, तर खाली अॅसिडने उमटवलेला बारीक शिक्का: मेड इन चेकोस्लोव्हाकिया. हा देश जन्मला 1918 साली. पणजोबा त्याच्या कितीतरी आधी वारलेले. हंड्या सुंदर होत्या, काम अव्वल होतं, पण वाटणीत धरली होती ती किंमत त्यांना नव्हती. दोन भाऊ आजही एकमेकांकडे जेवायला जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून धातू उतरवल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. टेबलावर जाड पंचा अंथरायचा, स्क्रू अडकला असेल तर तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवायचा, आणि जोर द्यायचा तो धातूवर, काचेवर कधीच नाही. ऑस्लरचं नाव कधी कधी धातूच्याच भागावर ठोकलेलं सापडतं. लाल रंग असेल तर पैलूची कड भिंगाखाली बघा. काचेवर काचेचा दुसरा थर असेल तर त्याला जाडी दिसते. नुसता रंग भाजून चढवलेला असेल तर तो कागदाइतका पातळ असतो आणि ओरखड्यातून खालची बिनरंगी काच डोकावते. हे रंग भाजण्याचं तंत्र एगरमान या बोहेमियन कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाढवलं. हरणं आणि झाडी कोरलेले लाल पेले बहुतेक याच जातीचे.

सही दिसली की शोध संपला

ही दुसरी चूक, आणि पैशाच्या दृष्टीने सगळ्यात महाग. फ्रेंच काचकलाकार एमिल गाले 1904 साली वारला. त्याचा कारखाना पुढे 1936 पर्यंत चालला आणि मालावर त्याचीच सही पडत राहिली. त्याच्या मृत्यूनंतरच्या काही वर्षांत नावाशेजारी एक छोटा तारा असे. म्हणजे खरी सही असली तरी वस्तू गालेच्या हयातीतली आहे हे सिद्ध होत नाही. त्यात रोमानियात अलीकडे गालेच्या धर्तीवर बरीच काच तयार झाली. तिच्यावर नावापाशी ‘टिप’ (TIP) अशी तीन रोमन अक्षरं असतात, म्हणजे ‘त्या धाटणीची’. ही अक्षरं घासून काढली की उरतं फक्त गाले.

एका ओळखीच्या गृहस्थांनी असा दिवा निवृत्तीच्या पैशातून घेतला. मी सहीवर नजर न टाकता शेजारून बोट फिरवलं. आजूबाजूची पार्श्वभूमी अॅसिडने खरखरीत केलेली, आणि नावाजवळ एवढासा गुळगुळीत, किंचित खोलगट डाग. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं. तेव्हा आधी काच वाचा. थर किती, नक्षीच्या कडा मऊ की धारदार, बूड कसं घासलंय. सही शेवटी वाचायची. रने लालिक या दुसऱ्या फ्रेंच काचकलाकाराच्या बाबतीतही हेच. ‘आर. लालिक’ ही सही 1945 पर्यंतची, पुढच्या मालावर ‘आर’ नाही. म्हणून तो ‘आर’ नंतर कोरून घालणारे महाभाग आहेत.

अतिनील (यूव्ही) टॉर्चखाली हिरवं चमकलं

ठळक चमकलं म्हणजे काचेत युरेनियम आहे, एवढंच. अशी काच बोहेमियात झाली, इंग्लंड-अमेरिकेत झाली आणि आजही होते. मँगनीजची काचही मंद हिरवट दिसते. टॉर्चने कारखाना कळत नाही.

रजिस्टर नंबर म्हणजे वस्तूचं वय नव्हे

ब्रिटिश काचेवर 1842 ते 1883 या काळात पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा शिक्का असे, त्याच्या वरच्या वर्तुळात रोमन तीन म्हणजे काच. 1884 पासून नुसता नंबर. तारीख मिळते ती नमुना नोंदवल्याची. माल त्यानंतर कितीतरी वर्षं निघत राहू शकतो.

चमचमती केशरी काच म्हणजे अमेरिकन

फेंटन या अमेरिकन कंपनीचं नाव घेत लोक धावतात. फेंटनने साच्यातच नाव घालायला सुरुवात केली 1970 साली, त्याआधी कागदी लेबलं होती. आणि इकडे फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सच्या मासा, हत्ती आणि हाताच्या आकाराच्या फुलदाण्या परदेशातले संग्राहक हौसेने जमवतात. काहींच्या बुडावर इंग्रजीत ‘जैन’ असं साच्यातूनच उमटलेलं असतं. आपल्याच लोकांनी बूड उलटं करून पाहायचे कष्ट घेऊ नयेत आणि देशी वस्तूला परदेशी नाव द्यावं, याचा मला मनापासून राग येतो.

जड, रंगाच्या आत रंग असलेली काच लगेच मुरानोची, म्हणजे इटलीतल्या व्हेनिसजवळच्या काचेच्या बेटाची, ठरवू नका. चेक कारखान्यांनी, विशेषतः ख्रिब्स्काने, तशी काच भरपूर केली आहे.

बुडाचे ओरखडे बघा. खरी झीज फक्त टेकणाऱ्या कडेवर असते आणि आडवीतिडवी असते. सगळ्या बुडावर एकाच दिशेच्या रेघा असतील तर तो सँडपेपर आहे.

घरी आणल्या आणल्या धुऊ नका. कागदी लेबल पाण्यात गेलं की कधी कधी एकमेव पुरावा गेला.

मोबाईलवर फोटो टाकून दहा सेकंदांत उत्तर मागणाऱ्या नव्या मंडळींना माझी विनंती आहे. ते यंत्र आकार जुळवतं. बूड, वजन, थर त्याला दिसत नाहीत, आणि ते दाखवतं त्या किमती विकणाऱ्याने मागितलेल्या असतात, कुणी मोजलेल्या नव्हे. शंभर वस्तू हातात घेऊन उलट्या केल्याशिवाय डोळा तयार होत नाही, आणि त्याला आडवाट नाही.

मला दाखवायचीच असेल तर दिवसाच्या उजेडात, साध्या पांढऱ्या कागदावर ठेवून तीन फोटो काढा: उभी वस्तू, काठ जवळून आणि बूड तिरक्या उजेडात, शेजारी मोजपट्टी. वजनही लिहा. त्यावर मी कदाचित ‘बोहेमिया, दोन महायुद्धांच्या मधला काळ, कारखाना अनिश्चित’ एवढंच लिहीन. ते पूर्ण उत्तर आहे. चकचकीत, बिनसहीच्या प्रत्येक फुलदाणीवर लोट्झ या बोहेमियन कारखान्याचं नाव चिकटवू नका, तशी काच क्रालिक आणि पाल्मे-क्योनिग हे तिथलेच कारखानेसुद्धा करत.