किन्नूची बाग आणि कालव्याचं पाणी: या चुका टाळा

१९२७ साली गंग कालव्याने सतलजचं पाणी श्रीगंगानगरच्या रेतीवर आलं, पुढे इंदिरा गांधी कालवा झाला आणि राजस्थानच्या या कोरड्या कोपऱ्यात किन्नूच्या (संत्र्याच्या जातीचं फळ) बागा उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षं पाणी मिळाल्यावर रेती पूर्वीची राहत नाही. गाळ बसतो, पालापाचोळ्याने सेंद्रिय कर्ब थोडा वाढतो, हा फायदाच. बिघाड खालच्या थरात होतो आणि उशिरा कळतो.

पाणी गोडं आहे म्हणून निर्धास्त राहणं

लिटरला फक्त २०० मिलिग्रॅम क्षार धरा. वर्षाला १,००० मिमी पाणी दिलं तर हेक्टरी २ टन क्षार जमिनीत आले. पाणी झाड पितं, ऊन उडवतं. क्षार बहुतेक तिथेच. ते धुऊन काढण्याइतका पाऊस तिकडे पडत नाही. नहरबंदीत, म्हणजे कालवा बंद असताना, कूपनलिकेचं खारं पाणी वापरलं तर हिशेब आणखी वाढतो.

बारी (कालव्याच्या पाण्याची पाळी) आली की बाग तुडुंब भरणं

बऱ्याच ठिकाणी खाली जिप्समचा किंवा चुनखडीचा कठीण थर आहे. पाणी त्यावर अडतं, पातळी चढते आणि खोलातले क्षार मुळांपर्यंत येतात. तिकडे याला ‘सेम’ म्हणतात. हनुमानगड जिल्ह्यात बडोपलच्या बाजूला यानेच शेतं पाण्याखाली गेली. बारीचं पाणी डिग्गीत (शेतातल्या टाकीत) साठवून बेताने द्या.

पाऊस आला की ठिबक बंद करणं

ठिबकमध्ये क्षार ओलाव्याच्या कडेला जमतात, पांढरी कड दिसते. हलकी सर आली की तेच क्षार मुळांकडे ढकलले जातात. म्हणून सर सुरू असताना ठिबक चालूच ठेवा. विचित्र वाटतं, पण मुळांभोवतीचा खार बाहेरच राहतो.

तपासणीआधीच जिप्सम टाकणं

सगळ्यात महागडी चूक ही. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेला) १५ टक्क्यांहून जास्त असेल तर जमीन चोपण. तिथे जिप्सम हवं. नुसती खारवट जमीन जिप्समने सुधारत नाही, तिला निचरा आणि चांगल्या पाण्याची धुलाई लागते. निचरा नसताना धुलाई केली तर सेम ओढवून घ्याल.

माती वीतभर खोलीवरून घेऊ नका. पानांच्या घेराखालून ३० सेंमीच्या टप्प्यांनी किमान मीटरभर खोलीपर्यंतचे वेगवेगळे नमुने द्या. अहवालात ‘क्षारता ४ डेसिसीमेन प्रति मीटरच्या आत’ दिसलं तरी खूश होऊ नका: ४ ही खारवट जमिनीची सर्वसाधारण व्याख्या आहे, संत्रावर्गीय झाडांचं उत्पादन १.७ च्या आसपासच घटू लागतं.

आणि पानं पिवळी दिसली म्हणून लगेच जस्त-लोहाची फवारणी नको. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, तर बहुधा लोहाची कमतरता. जुन्या पानांची टोकं करपली असतील तर आधी क्षार तपासा, आणि पोटॅश द्यायचंच असेल तर म्युरेटऐवजी (म्हणजे क्लोराइडच्या पोटॅशऐवजी) सल्फेटचं द्या.