बार्सिलोनात कातालान इतिहास वाचायचा तर मेट्रोच्या पाटीपासून सुरुवात करा

माझ्याकडे आलेले पाहुणे पहिल्याच रात्री विचारतात, ‘कातालान म्हणजे स्पॅनिशचीच बोली ना?’ कातालान ही स्पेनच्या कातालुनिया प्रांताची वेगळी भाषा आहे, आणि बार्सिलोना तिथली राजधानी. पण मी वाद घालत नाही. सकाळी त्यांना पाराल्लेल मेट्रो स्टेशनच्या पाटीसमोर नेऊन उभं करते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

पाटीवर दोन ‘एल’च्या मध्ये, कंबरेच्या उंचीवर एक ठिपका दिसेल. स्पॅनिशमध्ये तो नाही. ठिपका नसता तर त्या जोडीचा उच्चार ‘ल्य’ झाला असता. तो आहे म्हणून ‘ल्ल’. ही रीत १९१३च्या शुद्धलेखन नियमांतली. त्यामागचा मुख्य माणूस पोंपेउ फाब्रा, शिक्षणाने इंजिनिअर. पुढे १९१८मध्ये व्याकरण आणि १९३२मध्ये शब्दकोशही त्यानेच दिला. ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणाऱ्या आपल्या लोकांना हा गृहस्थ लगेच आवडेल.

मग कान तयार करा. खिडकी स्पॅनिशमध्ये ‘बेन्ताना’, इथे ‘फिनेस्त्रा’. ‘कामा’ तिकडे पलंग, इथे पाय. आणि भूतकाळ सांभाळा! नवीन असताना स्पॅनिशच्या भरवशावर मी घरमालकिणीला ‘बाच कुम्प्रा पा’ म्हणाले. म्हणायचं होतं, पाव आणायला चाललेय. तिने माझ्या रिकाम्या पिशवीत डोकावून विचारलं, ‘कुठाय?’ इथे ‘जाते’ हे रूप मूळ क्रियापदाला जोडलं की गोष्ट होऊन गेलेली असते. मी तिला सांगितलं होतं, पाव आणला.

आता एल बोर्न. १८७६चा लोखंडी बाजार, पण आत भाजी नाही. खाली खोदून काढलेली अख्खी वस्ती आहे: गल्ल्या, जोती, भिंतींचे बुंधे. इथे घाई करू नका, कठड्याला टेकून निदान अर्धा तास बघा. स्पेनच्या गादीच्या भांडणात कातालान लोक ऑस्ट्रियाचा राजपुत्र, आर्चड्यूक चार्ल्स याच्या बाजूने लढले आणि हरले. वर्षभराहून जास्त वेढा सोसून ११ सप्टेंबर १७१४ला शहर पडलं. जिंकलेला राजा पाचव्या फिलिपने शहरालाच धाकात ठेवायला किल्ला उभारला. त्याच्यापायी ही घरं पाडली. १७१६च्या फर्मानाने कातालुनियाच्या जुन्या संस्था गेल्या आणि वरच्या न्यायालयाचं काम स्पॅनिशमध्ये सुरू झालं. हरलेला दिवसच हे लोक राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात, हे मला पचायला वेळ लागला.

तिथून चार पावलांवर सांता मारिया देल मार चर्च. त्याच्या कुशीतल्या मोकळ्या चौकात वेढ्यात मेलेल्यांना पुरलंय. वर ज्योत तेवत असते. फोटो काढा, पण हळू बोला.

त्याआधीची शतकं, म्हणजे ११३७ला आरागोनशी जुळलेलं राज्य आणि राजा जाउमा पहिल्याने जिंकलेले मायोर्का नि वलेन्सिया, पुस्तकात वाचली तरी चालतील. हुकूमशहा फ्रँकोचा काळ मात्र म्हाताऱ्या माणसांकडूनच ऐका. १९३९नंतर शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार झालेली भाषा त्यांनी स्वयंपाकघरात जपली. १९८३च्या कायद्याने ती शाळेत पुन्हा पक्की बसली.

शेवटी सिउतादेया उद्यानात या. फिलिपचा किल्ला इथेच होता. तो एकोणिसाव्या शतकात पाडला, शस्त्रागारासारख्या मोजक्या इमारती तेवढ्या राहिल्या. आज त्या शस्त्रागारात कातालुनियाची संसद भरते.

मग जवळच्या कुठल्याही कॅफेत शिरा आणि म्हणा, ‘उन काफे अम ल्येट, सिस प्लाउ.’ दूध घातलेली कॉफी, कृपया. परका चेहरा बघून समोरचा बहुधा स्पॅनिशवर जाईल. तुम्ही ‘ल्य’ सोडू नका. त्या दोन एलच्या मध्ये ठिपका नाहीये.